मॅन्झनारचा हिवाळा

जपानची सहल करून आलेला माणूस हिवाळ्यातल्या शिराकावा-गोचे फोटो दाखवल्याशिवाय राहत नाही, आणि ते असतातही पाहत राहावेत असे. डोंगराच्या कुशीतलं गाव, गवतानं शाकारलेली उंच, उतरती छपरं, त्यांवर बर्फाचा जाड थर. बर्फाचं ओझं घरावर साचू नये म्हणून छपराला इतका उभा उतार द्यायचा, हे शहाणपण तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं. युनेस्कोनं १९९५ साली या गावाला जागतिक वारशाचा मान दिला.

मला सांगायचं आहे ते अमेरिकेतल्या एका जपानी वस्तीबद्दल. तीही डोंगराच्या पायथ्याशीच होती आणि तिथला हिवाळाही हाडांत शिरणारा. पण ती वसवली सरकारनं, काटेरी तारेच्या आत.

कॅलिफोर्नियात ३९५ क्रमांकाच्या महामार्गानं उत्तरेकडे निघालं, की लोन पाइन गाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात डाव्या हाताला मॅन्झनार येतं. पाठीशी सिएरा नेवाडाची रांग आणि त्यात १४,००० फुटांहून उंच असलेलं माउंट विल्यमसन. १९४१ च्या डिसेंबरात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडावी लागली. हाताला पेलेल तेवढंच सामान घ्यायचं. लॉस एंजेलिसजवळच्या टर्मिनल आयलंडवरच्या मच्छीमार कुटुंबांना तर निघायला ४८ तास मिळाले. सुमारे १,२०,००० माणसं दहा छावण्यांत कोंडली गेली. त्यांतली दोनतृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक होती. एकट्या मॅन्झनारमध्ये दहा हजारांवर माणसं होती.

मी तिथे जाते ती शक्यतो हिवाळ्यात. खाली बर्फ क्वचितच साचतं, पण डोंगरावरून उतरणारा वारा अंगावरच्या कपड्यांना जुमानत नाही. चौदाव्या ब्लॉकमध्ये जुन्यासारख्या बराकी पुन्हा उभ्या केल्या आहेत. २० फूट रुंद, १०० फूट लांब, लाकडी फळ्यांवर डांबरी कागद. बराकीच्या चार खोल्या करायच्या आणि एकेका खोलीत आठ माणसं ठेवायची. ओळखीदेखीची नसली तरी. खोलीत तेलाची एक शेगडी, एक दिवा, गवत भरलेल्या गाद्या. ओल्या लाकडाच्या फळ्या वाळल्या तशा आकसल्या, आणि फटींतून वाळू नि वारा आत येऊ लागला. फळ्यांतल्या गाठी गळून पडल्या की भोकं पडत. त्यांवर लोक डब्यांची पत्र्याची झाकणं ठोकत. शिराकावा-गोचं छप्पर हिवाळा ओळखून बांधलेलं असतं. इथल्या छपराखाली कोण राहणार आहे, याचा विचारच बांधणाऱ्यांनी केला नव्हता.

तरीही या माणसांनी तिथे बागा केल्या. जेवणासाठी दिवसातून तीनदा भोजनगृहाबाहेर रांग लागायची. रांगेत ताटकळणाऱ्यांना पाहायला काही असावं म्हणून अनेक ब्लॉकांनी भोजनगृहाशेजारी दगड रचून तळी, झरे, छोटे पूल केले. कुइचिरो निशी हा गुलाबांचा जाणकार. त्यानं इतरांच्या मदतीनं मोठं उद्यान उभारलं. उद्यानाला पुढे छावणीच्या संचालकाचं, मेरिट यांचं, नाव मिळालं. छावणी उठल्यावर हे उद्यान वाळूखाली गेलं. कितीतरी वर्षांनी पुरातत्त्वज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी ते पुन्हा मोकळं केलं. आता तिथे पाणी नाही. कोरड्या तळ्याच्या काठावर उभं राहिलं, की एकेका दगडाची जागा किती विचारानं निवडली होती ते दिसतं.

या बागा पाहून लोक सोशिकपणाचं कौतुक करतात. मला ते अपुरं वाटतं, थोडं धोक्याचंही. सोसणाऱ्याची वाहवा करताना सोसायला लावणारा अलगद सुटतो. र्‍योझो काडो नावाच्या गवंड्यानं इथल्या दफनभूमीतला पांढरा स्तंभ १९४३ साली उभारला. त्यासाठी कुटुंबांनी प्रत्येकी १५ सेंट वर्गणी दिली होती. फाटकापाशी पहारेकऱ्यांसाठी असलेल्या दगडी चौक्याही त्याच काडोच्या हातच्या. कैद्यानं स्वतःच्या पहारेकऱ्यासाठी इतकं देखणं काम करावं, याचं मला कौतुक वाटतं, त्याहून अधिक संताप येतो.

माझं माहेर कोल्हापूरचं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्याही राहण्याच्या बराकीच होत्या, पण तो आसरा होता. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. मात्र १९६२ च्या युद्धानंतर आपणही चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन कोंडलं. त्यांतली कितीतरी भारतात जन्मलेली होती. त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, आणि ते बोललं गेलं पाहिजे.

मॅन्झनारही कितीतरी वर्षं गप्पच होतं. आईबापांनी मुलांना काही सांगितलं नाही. १९६९ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, दीडशेच्या आसपास माणसं लॉस एंजेलिसहून इथे आली आणि तेव्हापासून दरवर्षीची वारी सुरू झाली. १९८८ साली अमेरिकेनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. १९९२ साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली.

आपण मराठी माणसं अमेरिकेत बहुतेक १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलो. त्याआधी १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं. जपान्यांना त्याच्या आदल्याच वर्षी नाकारलं होतं. नागरिकत्वाचा कागद आपल्याला पुरेसा वाटतो. मॅन्झनारमधल्या मुलांकडेही तो जन्मापासून होता.

दर हिवाळ्यात मॅमथच्या बर्फात खेळायला दक्षिण कॅलिफोर्नियातली आपली कितीतरी कुटुंबं याच रस्त्यानं जातात. मॅन्झनार लॉस एंजेलिसहून गाडीनं चारेक तासांवर आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पुढच्या वेळी तासदोन तास तिथे थांबा. मुलांना बराकीत न्या, फळ्यांवरून हात फिरवू द्या, आणि इथे कोंडलेली त्यांच्या वयाची मुलं त्यांच्यासारखीच अमेरिकन होती, हे त्यांना मराठीतून सांगा.