बाल्टोची शेवटची सहा वर्षं

पुण्याचा चांदणी चौक मागे पडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट करत रस्ता पौडकडे जातो आणि पुढे ताम्हिणीच्या पावसात शिरतो. मुळशीच्या या पट्ट्यातल्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये थंड फरशीला पोट टेकून पडलेला हस्की आता नवलाचा राहिलेला नाही. पाठ काळी-करडी, तोंड पांढरं, डोळा निळा. कधी एक डोळा निळा आणि दुसरा तपकिरी.

सैबेरियातल्या चुकची लोकांच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका 2011 ते 2019 या काळात गाजली. तिच्यातले लांडगे पाहून जगभर हस्कीच्या पिल्लांची मागणी वाढली आणि मागोमाग सोडून दिलेल्या हस्कींची संख्याही. मालिकेतला अभिनेता पीटर डिंकलेज याला 2017 मध्ये लोकांना जाहीर विनंती करावी लागली, की बाबांनो, असे कुत्रे हौसेनं घेऊ नका. त्या लाटेतली पिल्लं आता म्हातारी झाली आहेत. हस्की साधारण बारा ते चौदा वर्षं जगतो. आठव्या-नवव्या वर्षी मालक परदेशी गेला, घर बदललं किंवा औषधपाण्याचा खर्च झेपेना झाला, की त्याला नवं घर शोधावं लागतं. पिल्लू सगळ्यांना हवं असतं. आठ वर्षांचा कुत्रा मागायला कोण येतं?

नेमका याच वयाचा असताना बाल्टो नावाचा हस्की लॉस एंजेलिसमधल्या एका तमाशाघरात साखळीला बांधलेला होता.

बाल्टोचा जन्म 1919 चा, अलास्कातल्या नोम गावचा. मालक लिओनहार्ड सेप्पाला हा स्लेज हाकण्यात नाणावलेला माणूस. त्याच्या नजरेत बाल्टो दुय्यम होता. पैदाशीला उपयोगाचा नाही म्हणून त्याला सहाव्या महिन्यातच खच्ची केलं आणि माल ओढायच्या गाडीला जुंपलं. जानेवारी 1925 मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. मुलं दगावू लागली, औषध संपलं. समुद्र गोठलेला, त्यामुळे बोट येईना. विमानाचा भरवसा नव्हता. शेवटी नेनानापासून नोमपर्यंतचं सुमारे 1085 किलोमीटरचं अंतर वीस गाडीवान आणि जवळपास दीडशे कुत्र्यांनी हातोहात तोडलं. साडेपाच दिवस लागले.

शेवटच्या टप्प्यात गन्नर कासेनच्या गाडीत बाल्टो पुढे होता. वादळ एवढं, की कासेनला गाडीला जुंपलेले कुत्रेच दिसेनात. वाऱ्याच्या एका झोताने गाडी उलटली आणि औषधाचं पुडकं बर्फात पडलं. कासेननं हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी चाचपडत ते शोधून काढलं. वाट बाल्टोनं काढली. 2 फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोचलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बाल्टोचा पुतळा उभा राहिला आणि अनावरणाला बाल्टो स्वतः हजर होता.

ज्याचा पुतळा झाला, तो कुत्रा पुढे सव्वा वर्षाच्या आत विकला गेला, हे वाचताना आजही पोटात कालवतं. लॉस एंजेलिसच्या त्या तमाशाघरात दहा सेंटचं तिकीट काढून लोक त्याला बघायचे. बाल्टोसोबत त्याच्या जोडीचे आणखी सहा कुत्रे होते. सगळे आजारी, अंगानं उतरलेले, पाय मोकळे करायलाही जागा नाही. क्लीव्हलंडचा एक व्यापारी, जॉर्ज किंबल, तिथे गेला असताना त्यानं बाल्टोला ओळखलं. मालकानं 2000 डॉलर मागितले आणि दोन आठवड्यांची मुदत दिली. क्लीव्हलंडच्या शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे दिले, कामगारांनी टोपी फिरवली आणि रक्कम दहा दिवसांत जमली. 19 मार्च 1927 रोजी सातही कुत्र्यांची शहरातून मिरवणूक निघाली. ब्रुकसाइड प्राणिसंग्रहालयात पहिल्याच दिवशी त्यांना पाहायला पंधरा हजार माणसं लोटली.

किंबलचं मोठेपण इथे आहे. त्यानं आणलेल्या कुत्र्यांकडून आता कसलंच काम व्हायचं नव्हतं.

बाल्टोच्याच वेळचा टोगो याचंही म्हातारपण सांगायला हवं. त्या धावेत सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा पल्ला टोगोनं मारला होता. औषधाला सामोरं जाणं धरून सुमारे 420 किलोमीटर, त्यातला काही भाग गोठलेल्या समुद्रावरून, आणि तेव्हा तो बारा वर्षांचा होता. लहानपणी सेप्पालानं त्याला एका घरी पाळायला देऊन टाकलं, तर पठ्ठ्या खिडकीची काच फोडून परत आला होता. 1927 मध्ये त्याच सेप्पालानं त्याला मेन राज्यातल्या एलिझाबेथ रिकर या बाईंच्या हवाली केलं. यावेळी टोगो राहिला. बाईंनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. 5 डिसेंबर 1929 रोजी, सोळाव्या वर्षी, तो गेला.

मुळशीत म्हातारा हस्की घरी आणायचा तर बर्फाची नाही, पावसाची काळजी आधी करावी लागते. अंगावर केसांचे दोन थर असतात, आत लोकर आणि वर लांब केस. आतला थर ओला राहिला की कातडीला खाज सुटते, चट्टे पडतात. म्हणून फिरून आल्यावर कोरड्या टॉवेलनं मुळापर्यंत पुसायचं. गवतातून गोचीड येते आणि तिच्यामागून ताप. कान, काख आणि बोटांच्या बेचक्या रोज बोटांनी चाचपाव्यात. उन्हाळ्यात केस काढून टाकायचा मोह होतो, पण तो आवरावा. हेच केस ऊन अडवतात आणि एकदा काढले की पूर्वीसारखे येतीलच असं नाही. चालायला न्यायचं ते सूर्य वर यायच्या आत.

गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, तेव्हा पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी अंथरून ठेवलेली बरी. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, दात किडलेत का, मूत्रपिंड कसं आहे, हे पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. शेजारच्या कोंबड्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात, कारण शिकारीची खोड वयानं जात नाही. आणि रात्री त्याला अंगणात बांधू नये. या डोंगरात बिबट्या आहे.

हस्की भुंकतो कमी, हेल काढतो जास्त. नव्या घरातल्या पहिल्या काही रात्री तो दाराकडे तोंड करून लांबलचक सूर लावतो आणि वाडीतली कुत्री त्याला उत्तर देतात. घरच्यांनी त्याच्याजवळ जाऊन नुसतं बसावं. त्याला जुनी माणसं आठवत असतात.

मुळशीकरांना वाट दाखवणारी माणसं जवळच आहेत. बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचं काम चालतं. नेहा पंचमिया यांनी 2007 मध्ये ही संस्था सुरू केली. कुत्र्याला उपाशी मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड मात्र दहा ते पन्नास रुपयांचा आहे. एवढ्या दंडाला कोण भितो? म्हणूनच सोडलेल्या कुत्र्याचा खरा आधार दार उघडणारं घर हाच आहे.

क्लीव्हलंडमध्ये बाल्टोला सहा वर्षं मिळाली. शेवटी सांधे धरले होते, नजर अंधूक झाली होती. 14 मार्च 1933 रोजी, चौदाव्या वर्षी, त्याला शांतपणे निरोप दिला गेला. तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात तो पेंढा भरून जपलेला आहे. जिवंतपणी काळा होता. इतकी वर्षं उजेडात उभा राहून त्याचे केस आता तांबूस तपकिरी झाले आहेत.