वेलिंग्टन ते निफाड

उटीहून वेलिंग्टनकडे उतरताना चहाच्या मळ्यांआडून मधूनच गवताळ माळ दिसतो. तिथून म्हैसूर, हुबळी, सोलापूर करत मी निफाडला आलो. या वाटेच्या दोन्ही टोकांना रानससा आढळतो आणि गव्हाच्या खोडावरचा काळा तांबेरा ही बुरशीही. पाय आहेत ते सशाला. पण खरा प्रवासी तांबेराच. ससा पक्का गावकरी. याचा दाखला सशाच्या मानेवरच आहे. दक्षिणेकडच्या सशाच्या मानेवर काळा डाग असतो, उत्तरेकडच्याची मान तपकिरी. जात एकच, पण पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या मुलखात राहिल्याशिवाय असा फरक पडत नाही. हा ससा मॉरिशसला आणि जावालाही आहे, मग तो गावकरी कसा, असे कुणी विचारील. पण तिथे त्याला माणसाने नेले.

तांबेऱ्याला कुणी न्यावे लागत नाही. निफाडच्या शेतात मे महिन्यात गहू नसतो, आणि हिरव्या गव्हावाचून तिथल्या उन्हाळ्यात त्याचे विटकरी बीजाणू तगत नाहीत. तरी हिवाळ्यात तो पुन्हा हजर! युरोप-अमेरिकेत संशय दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांवर होता, कारण तांबेऱ्याचा अर्धा जीवनक्रम त्यांच्यावर पार पडतो. तिथे ती उपटूनही टाकली. आग्र्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ करमचंद मेहता यांनी मात्र दाखवून दिले की भारतात दोष त्या झुडपांचा नाही. थंड डोंगरांत गहू उन्हाळ्यातही उभा असतो, तिथे रोग टिकतो आणि दरवर्षी मैदानात उतरतो. पुढे नागराजन आणि जोशी या शास्त्रज्ञांनी वाटही दाखवली: नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातली वादळे निलगिरी-पळणीचे बीजाणू उचलतात आणि मध्य भारतात पावसाबरोबर खाली आणतात. मला रस्त्याने जे अंतर कापावे लागले, ते बीजाणूंनी ढगांतून कापलेले असते.

प्राणी आणि बुरशी यांची तुलनाच गैर, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. वंशावळीत बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, पण मुद्दा तो नाही. मुद्दा उपाय कुठे करायचा, हा आहे. माळावरचे गवत राखले, शिकार थांबवली, की ससा तिथल्या तिथे टिकतो. तांबेऱ्यापुढे असा एकेका गावाचा बंदोबस्त अपुरा पडतो. निफाडच्या शेतकऱ्याने बांध कितीही स्वच्छ ठेवला तरी बीज वरून पडणारच. त्याला प्रतिकारक वाण लागतो, आणि तांबेऱ्याच्या नव्या वंशापुढे तो वाण टिकेल का, हे वेलिंग्टनच्या गहू संशोधन केंद्राच्या वाफ्यांत आधी पाहावे लागते.