शंभर टक्क्यांचा छेद

निकालाच्या दिवसांत आमच्या बेळगावात कुठल्याही रस्त्याने जा, एखाद्या शाळेच्या फाटकावर फलक दिसतोच : एस. एस. एल. सी. निकाल शंभर टक्के. फलक मराठीत असो की कन्नडमध्ये, आकडा तोच. वाचणारा कौतुकाने मान डोलावतो आणि पुढे जातो. शंभर टक्के कशाचे, असे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. नववीतच कच्ची मुले बाजूला काढली आणि उरलेल्यांना परीक्षेला बसविले तरी निकाल शंभर टक्केच लागतो, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण फलकावर ते कोण लिहिणार? मी मराठी माध्यमातून शिकून वाणिज्य शाखेत आलेली मुलगी. टक्केवारी दिसली की आधी तिचा छेद शोधायचा, ही खोड मला इथे लागली. तिचा उपयोग सातासमुद्रापलीकडच्या एका शाळेसाठी होईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिची मुलगी आठवीत आहे. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. तेव्हा पोरीला घराजवळच्या नेहमीच्या सरकारी हायस्कुलात घालायचे की जरा लांबच्या चार्टर हायस्कुलात, हा त्यांच्या घरातला गेल्या वर्षभराचा वाद. दाजींचा कल चार्टरकडे. ताईला दोन्हीकडे भीती वाटते. दिवाळीच्या फोनवर दाजी म्हणाले, "तू कॉमर्सची ना? मग ह्या शाळेचा जरा हिशेब बघ की. सगळे आकडे सरकारने उघड्यावर ठेवलेत." पाठोपाठ त्यांनी शाळेचे गुळगुळीत माहितीपत्रक धाडले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : आमच्या बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना महाविद्यालयात प्रवेश! मला आमच्या फाटकावरचे फलक आठवल्यावाचून राहिले नाहीत.

चार्टर शाळा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. पैसा सरकारचा, फी नाही, पण कारभार एका स्वतंत्र मंडळाकडे. ठराविक वर्षांचा करार असतो आणि काम पटले तर तो वाढवून मिळतो. आपल्या अनुदानित शाळांशी तुलना करण्याचा मोह होतो, पण करार संपून शाळा बंद होण्याची टांगती तलवार आपल्याकडे अशी नसते. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला, दुसरा १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने. २०२१ पर्यंत त्या देशात अशा शाळांत सुमारे ३७ लाख मुले शिकत होती. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. गुणवत्ता पाहून मुले निवडता येत नाहीत, निदान कागदोपत्री तरी.

शाळेच्या पटाची वर्गवार संख्या कॅलिफोर्नियाचे शिक्षण खाते दर वर्षी प्रसिद्ध करते. मी सर्वांत आधी तीच उघडली. एका वर्षाची नववी, पुढच्या वर्षीची दहावी, मग अकरावी, मग बारावी, अशी तिरकी रेघ मारीत गेले. प्रत्येक तुकडी वर जाता जाता बारीक होत होती. घराजवळच्या साध्या शाळेसाठीही तशीच रेघ मारली. तिथे गळती थोडी होती, पण नवी मुले मधल्या वर्गांतही येत होती. चार्टरमध्ये गेलेल्यांच्या जागा बहुतेक रिकाम्याच राहत होत्या. मुले सोडून जातात त्याला घरे बदलण्यापासून शंभर कारणे असतात, हे मान्य. म्हणून तर शेजारच्या शाळेशी ताडून पाहावे लागते.

आता गंमत अशी की, ही गळती उत्तीर्णांच्या टक्केवारीत उमटतच नाही. तिकडच्या नियमाप्रमाणे नववीला आलेल्या मुलांत मागाहून आलेली मिळवायची आणि दुसऱ्या शाळेत रीतसर गेलेली वजा करायची. उरले त्यांच्यापैकी चार वर्षांत पदविका मिळविणारे किती, तो आकडा. नियम मुळात न्याय्य आहे. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले तर ते शिक्षण सोडून गेले असे कसे म्हणावे? पण समजा, नववीत १२० मुले होती. ४० दुसरीकडे गेली. उरलेल्या ८० पैकी ७६ उत्तीर्ण झाली. टक्केवारी ९५! मूळच्या १२० वर तेच ७६ मांडले तर ६३. दोन्ही आकडे खरे. पण नववीत पाऊल ठेवणाऱ्या पोरीच्या आईला दुसरा जास्त उपयोगी. शिवाय ती ४० मुले ज्या शेजारच्या शाळेने घेतली, तिच्या छेदात ती जाऊन बसतात.

हे मी मनाने रचलेले नाही. २०१० साली शिकागोतील अर्बन प्रेप ह्या मुलांच्या चार्टर हायस्कुलाची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा बारावीच्या १०७ च्या १०७ मुलांना चार वर्षांच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाल्याची वार्ता देशभर गाजली. नववीत आलेली मुले त्याहून बरीच जास्त होती, हे टीकाकारांनी मागाहून दाखवून दिले. तरीही त्या गरीब वस्तीतल्या १०७ मुलांचे यश खोटे ठरत नाही, हेही तितकेच खरे. आपण एकदा छेद सापडला की अंशाचीही किंमत करीत नाही. हा दुसरा अतिरेक.

दाजींच्या माहितीपत्रकातल्या "सर्वांना प्रवेश" ह्या शब्दांत आणखी एक खाच निघाली. कॅलिफोर्नियातील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. मग सर्वांना प्रवेश मिळाला ह्यात नवल ते काय? खरी पाहायची गोष्ट म्हणजे राज्याच्या विद्यापीठांना लागणारे १५ अभ्यासक्रम किमान 'सी' श्रेणीने किती मुलांनी पुरे केले, आणि वर्षभरात प्रत्यक्ष महाविद्यालयात नाव घातले किती जणांनी. दोन्ही रकाने सरकारी अहवालात आहेत. ह्या शाळेचे पहिले प्रमाण शेजारच्या शाळेपेक्षा खरोखरच चांगले होते, हे मी दाजींना आवर्जून कळविले. अर्थात त्याचाही छेद उत्तीर्ण झालेल्यांचाच!

मग परीक्षेचे गुण. राज्याची परीक्षा तिसरी ते आठवी दर वर्षी आणि नंतर एकदम अकरावीला. म्हणजे हायस्कुलात एकदाच. अकरावीला गणितात शाळा पुढे आहे, पण तिथली मुले नववीत शिरतानाच पुढे होती काय? भरलेल्या पोत्याचे वजन दिसते, रिकाम्या पोत्याचे नाही. इथे माझा हिशेब अडला, आणि बाहेरच्या लोकांचा तो असाच अडतो. विद्वान मंडळी ह्यावर तोड काढतात ती चिठ्ठ्यांची : अर्ज केलेल्यांपैकी ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही, त्या दोघांची पुढची वाटचाल ताडून पाहायची. पालकांची हौस दोन्हीकडे सारखी, फरक केवळ नशिबाचा. बोस्टनच्या चार्टर हायस्कुलांचा असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचे सॅट परीक्षेचे, विशेषतः गणिताचे, गुण वाढलेले आणि दोन वर्षांऐवजी चार वर्षांच्या महाविद्यालयांकडे त्यांचा ओढा वाढलेला आढळला. चार वर्षांत उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणात मात्र स्पष्ट वाढ दिसली नाही. पण बोस्टन म्हणजे सारा देश नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के निकृष्ट निघाल्या होत्या. त्याच संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत चार्टरची मुले सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे होती, तर घरबसल्या ऑनलाईन चालणाऱ्या चार्टर शाळा खूप मागे. चार्टर चांगल्या की वाईट, हा प्रश्नच फोल आहे. कुठली चार्टर, एवढेच विचारता येते.

लेखापरीक्षकाने तपासलेला ताळेबंद पाहताना मला सर्वांत मौज वाटली, कारण ती भाषा माझी. कॅलिफोर्नियात शाळांना पैसा सरासरी दैनंदिन हजेरीवर मिळतो. मूल घरी राहिले की शाळेचे उत्पन्न बुडाले. त्यामुळे पट फुगविण्याचा मोह तिथेही सुटत नाही. २०१९ मध्ये सॅन दिएगो येथे ऑनलाईन चार्टर शाळांच्या एका जाळ्यावर खटला भरला गेला. खेळाच्या शिबिरांना आलेल्या मुलांची नावे त्यांनी पटावर चढविली होती. महाराष्ट्रातली २०११ ची पटपडताळणी ज्यांना आठवते त्यांना हे ओळखीचे वाटेल. दाजींच्या शाळेत तसे काही नव्हते. शिल्लक बेताची, इमारतीचे भाडे मात्र जड. पट आणखी घसरला तर पहिली कुऱ्हाड कशावर पडेल, एवढी शंका मी मांडली.

हे सारे मी दोन पानांत लिहून पाठविले. निकाल दिला नाही. शाळेत जाऊन विचारायचे तीन प्रश्न दिले : गेल्या नववीतली किती मुले आज दहावीत आहेत, गेली ती कुठे गेली, आणि रिकाम्या जागा का भरत नाही? दहा किंवा त्याहून कमी मुलांचा गट असला की सरकार आकड्याऐवजी तारांकन छापते. अशी तारांकने त्या शाळेत पुष्कळ होती. तिथे माणसांनाच विचारावे लागते.

ताई आणि दाजी दोघेही जाऊन आले. ताईचा फोन आला : "अगं, पहिल्या प्रश्नाला त्या बाईंनी ताबडतोब कागद काढून दाखवला. तिसऱ्याला मात्र 'बघतो' म्हणाल्या." दाजींनी चार्टरचा अर्ज भरला आहे, ताईने शेजारच्या शाळेची नोंदणीही करून ठेवली आहे. भाचीला विचारले तर ती म्हणते, "मावशी, त्या शाळेत ऑर्केस्ट्रा नाही. मी व्हायोलिन कुठे वाजवू?" हा रकाना मी उघडलेल्या कुठल्याच अहवालात नव्हता. सोडत मार्चमध्ये आहे.