परत जाणारं मूल

मागे एकदा चौथीच्या वर्गात मी सिंधुताई सपकाळांविषयी सांगत होते. ताई आपल्याच जिल्ह्यातल्या, वर्धा शहराला लागून असलेल्या पिंपरी मेघेच्या. जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, गोठ्यात लेक जन्माला आली, पोटासाठी भीक मागावी लागली. आणि त्याच बाईनं पुढे शेकडो अनाथ मुलांना पोटाशी धरलं. स्वतःची लेक ममता मात्र त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवली, असं मी सांगितलं आणि मागच्या रांगेतून प्रश्न आला, "काऊन जी मॅडम? सोताची पोरगी दुसऱ्यापाशी काऊन ठेवली?"

सख्खी लेक जवळ असली तर तिच्याकडे आणि बाकीच्यांकडे पाहण्यात फरक पडेल, ही ताईंना भीती होती. मला विचाराल, तर हा निर्णय फार जड आहे. तुमच्याआमच्या घरांनी तसं करावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण भीती खरी आहे. ताटात तुपाची धार धरताना आईचा हात कुणाच्या ताटावर जास्त वेळ थांबला, हे मुलांना बरोबर कळतं.

हे सगळं मी इतकं घोकते आहे, त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरापासून आमच्या घरात एका मुलाचा प्रतिपालक म्हणून सांभाळ करायचा विचार चालू आहे. दत्तक नव्हे बरं का! दत्तक घेतलेलं मूल कायमचं आपलं होतं. प्रतिपालकत्वात मूल काही काळापुरतं आपल्याकडे राहतं. त्याचे आईवडील आजारी असतील, तुरुंगात असतील, सांभाळायला असमर्थ असतील. कधी कुणीच नसतं. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे जिल्ह्याची बालकल्याण समिती चौकशी करून असं मूल एखाद्या कुटुंबाकडे देते. मूल कुठे, किती दिवस राहणार, हे समिती ठरवते. आईवडिलांना भेटायला येण्याची मुभाही ती देऊ शकते. त्यांची घडी नीट बसली की मूल आपल्या घरी परत जातं.

इथेच आमच्या सासूबाई अडल्या. "वापस द्याचंच हाय, तं माया कायले लावाची?" म्हणाल्या.

मी शिक्षिका असल्यानं आधी वाटलं, यात काय कठीण? दरवर्षी चौथीची मुलं शाळा सोडून जातातच की. पण वर्गातली मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. त्यांना रात्री ताप आला तर मी उशाशी बसत नाही. एक वर्ष, दोन वर्षं उशाशी बसलेलं मूल एक दिवस पिशवी भरून निघालं, तर हसत निरोप देता येईल का? ज्याला 'नाही' असं वाटतं, त्यानं या वाटेला न गेलेलं बरं. आपण रडू, ते चालेल. पण 'तुझ्या आईपेक्षा आम्हीच बरे होतो ना?' असं त्याला विचारलं, तर ते मूल दोन्हीकडून तुटेल. त्यानं आपल्याला 'आई' म्हणावं हा हट्टही नको. मावशी म्हणू दे, काकू म्हणू दे. हजेरीपटावर त्याचं आडनाव त्याचंच राहील. ते वेगळं का, असं वर्गात कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते आधी त्या मुलालाच विचारावं.

आणि उपकार मोजणं! यावर वर्ध्याचीच एक जुनी हकिकत आहे. लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली ज्यांनी दलितांना खुलं केलं, ते जमनालाल बजाज मुळात राजस्थानातले. सीकरजवळच्या काशी का बास या गावी १८८९ साली जन्मले. वर्ध्याच्या सेठ बच्छराजांनी त्यांना लहानपणी नातू म्हणून दत्तक आणलं. लाडात वाढले. सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला दागिने घालून जायला नकार दिला, म्हणून आजोबा संतापले आणि पैशावरून नको ते बोलले. पोरानं काय करावं? तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, असं लिहून दिलं आणि घर सोडलं! आजोबांनी समजूत घालून परत आणलं, ही गोष्ट वेगळी. एवढ्या श्रीमंत घरातल्या, रीतसर दत्तक घेतलेल्या मुलालाही तो एक टोमणा सहन झाला नाही. मग चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाला 'आमचं खातोस आणि...' असं म्हटलं तर?

पैशाचंही बोलायला हवं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची मदत २०२३ साली दरमहा ११०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. आपल्या भागात बाप गमावलेली, आजीआजोबांकडे राहणारी किती तरी मुलं आहेत, त्यांना तिचा आधार होतो. पण ते पैसे मुलाचे. घरखर्चाला हातभार म्हणून कुणी मूल आणायचं मनात आणत असेल, तर त्यानं अर्ज करूच नये.

आणखी एक. आपण एका मुलाची तयारी करतो, आणि ती भावंडं निघतात! कायदा म्हणतो, शक्यतो त्यांची ताटातूट करू नका. म्हणजे दोन चटया, दोन दप्तरं. मूल बहुधा सहा वर्षांपुढचं असतं. त्याच्या सवयी, त्याची भीती, त्याचा राग घेऊनच ते येतं. उपाशी दिवस काढलेलं मूल पोटभर जेवल्यावरही पोळी उशीखाली लपवतं. तेव्हा रागावायचं नाही. उलट पोळीचा डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवायचा. पूर्वी जोडप्यांनाच प्रतिपालक होता यायचं. २०२४ पासून एकट्या व्यक्तीलाही होता येतं, पण एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. एकट्यानं घेताना रात्रीबेरात्री मदतीला कोण धावून येईल, हे आधी पाहावं.

घरात मुलं असतील तर त्यांना विचारल्याशिवाय हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. आईबाबांनो, विचारायचं म्हणजे निर्णय कळवायचा नव्हे. आमचा मुलगा नऊ वर्षांचा. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "तो माझ्यापेक्षा हुशार निघाला तर?" मग, "तो गेल्यावर मला भेटायला येईल का?" पहिल्यावर आम्ही हसलो. दुसऱ्याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं, तसंच त्याला सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वर्ध्याला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नीट माहिती घेणार आहोत. सासूबाईही येते म्हणाल्या आहेत. त्यांना तो प्रश्न तिथल्या साहेबांनाच विचारायचा आहे. पोरानं कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून ठेवलाय. सायकलीचं मात्र अजून ठरलेलं नाही.