अकरा किलोमीटरचा परकोट

पुण्या-मुंबईच्या माणसाला व्हिएन्नाचे चौक तोंडपाठ असतात. चंद्रपूर म्हटलं की त्याला दोनच गोष्टी सुचतात: ताडोबाचा वाघ आणि मे महिन्यातला ४७ अंशांचा पारा. मीही वाघासाठीच गेलो होतो. सफारी दुपारची होती, म्हणून सकाळी गाव बघायला निघालो आणि जटपुरा गेटच्या गर्दीत अडकलो. पुढे मोटारसायकली, मागे ऑटोरिक्षा, डोक्यावर गोंड राजांची कमान. मान वर केली तर दगडात हत्तीवर चाल करून जाणारा सिंह. कोरणाऱ्याने हत्ती इतका किरकोळ केलाय की त्या सिंहाला फार कष्ट पडले असतील असं वाटत नाही. हे गोंड राजवटीचं चिन्ह. खालून जाणाऱ्या कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं; सगळ्यांना गांधी चौक गाठायचा होता.

व्हिएन्नाची तटबंदी पाडायचा हुकूम सम्राटाने १८५७ साली काढला आणि त्या जागेवर रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता केला. तो पाचेक किलोमीटरचा रस्ता बघायला जग लोटतं. चंद्रपूरचा परकोट सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि बराचसा शाबूत! जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या, त्यांतली एक चोर खिडकी आणि एक मसण खिडकी. ही नावं ठेवणाऱ्यांनी आडपडदा ठेवलेला नाही.

कोट कसा आखला याची कथा इथे कुणीही सांगतो. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला निघाला, तर कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससाच त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला. राणी म्हणाली, जिथून ते धावले तिथून कोट बांधा. राजाने ऐकलं. पुढच्या पिढ्यांनी काम पुरं केलं. मग झाडंझुडपं इतकी माजली की दगड दिसेना. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या पोरांनी कोयते-फावडी घेतली आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी कोट मोकळा केला. आज वरून चालता येतं ते त्यांच्यामुळे. खर्ऱ्याच्या पन्न्या मात्र तिथेही पोचल्यात.

आतल्या जुन्या कारागृहापाशी पिंपळ आहे. व्हिएन्नात भिंती पाडल्या जात होत्या त्याच सुमारास, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना इथे फाशी दिलं. दरवर्षी त्या तारखेला माणसं पिंपळाशी येतात. पर्यटन पुस्तिकांत या झाडाला जागा मिळायला हरकत नव्हती. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशाहसाठी, बांधलेली समाधी आहे. ती ऐसपैस, देखणी. आग्र्याशी तुलना करून तिला लहान करू नये.

पण खरा थक्क झालो ते लालपेठला. कोळसा खाणींच्या बाजूला, घरांच्या मधोमध, एकेका अखंड दगडाच्या अजस्र मूर्ती उघड्यावर पडल्यात. रायप्पा नावाच्या धनिक व्यापाऱ्याने मोठ्या देवळासाठी त्या घडवून घेतल्या आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो वारला, असं सांगतात. म्हणून नाव अपूर्ण देवालय. सगळ्यात मोठी मूर्ती दहा तोंडांची, उताणी. माणसाच्या चौपट लांब. मी तिच्या बोटांजवळ हात ठेवून पाहिला. दगड इतका तापलेला की लगेच मागे घेतला. छिन्नीच्या खुणा अजून हाताला लागतात, वरून कुणी वाहिलेलं कुंकू.

"रावण पाहाले आले का जी?" शेजारच्या अंगणातून एका बाईंनी विचारलं.

अभ्यासक हिला दशमुखी दुर्गा म्हणतात, असं मी म्हणालो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "असंन बापा. आमी त रावणच म्हणतो."

त्यात कमीपणा काही नव्हता. शेजारच्या गडचिरोलीत परसवाडीला दसऱ्याला गोंड माणसं रावणाची पूजा करतात, हे मला ठाऊक होतं. मग मी दुर्गेचा मुद्दा सोडला. बाईंनी पाणी आणून दिलं, आणि मारुती-गणपती राहिलेत, तेही बघून जा म्हणाल्या. ताडोबाची गाडी अर्थातच चुकली.