छत्तीस, त्रेसष्ट आणि मधले सत्तावीस

बँकेतील नोकरी संपली, परंतु आकड्यांनी माझी सोबत सोडली नाही. रस्त्याने जाताना पुढच्या मोटारीच्या क्रमांकाची बेरीज मनात आपोआप होते. किराणा दुकानातील पावती हाती आली की मालापेक्षा तिची बेरीज आधी तपासली जाते. सौभाग्यवती म्हणतात, “अहो, आपण भाजी घ्यायला आलो आहोत, ताळेबंद जुळवायला नाही.” त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण जुळलेल्या बेरजेचा आनंद जुडीभर मेथीपेक्षा कमी असतो, हे मात्र मी मान्य करणार नाही.

तसे पाहिले तर आपली मराठी भाषा स्वतःच मोठी हिशेबी आहे. अति शहाण्याला ती दीडशहाणा म्हणते, पूर्ण खात्रीच्या गोष्टीला सोळा आणे खरी म्हणते, बिघडलेल्या कामाचे तीनतेरा वाजवते. शुभमुहूर्तही आपल्याकडे साडेतीन! १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणे व्यवहारातून निघाले. बोलण्यातून मात्र ते अद्याप गेलेले नाहीत. ‘एकोणतीस’ या शब्दात तीसातून एक वजा करण्याची क्रिया दडलेली आहे, हे आपल्या ध्यानीही येत नाही. पण हीच भाषा नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. नियम आणि अपवाद दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात, एकत्र कुटुंबासारखे.

या सर्वांत माझा आवडता आकडा छत्तीसचा. दोघांचे पटत नसले की त्यांच्यात ‘छत्तीसचा आकडा’ आहे असे आपण म्हणतो, कारण देवनागरीत लिहिलेल्या ३६ मधील तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. त्यांची जागा बदला, ६३ होतात, आणि तेच दोघे समोरासमोर येतात. त्रेसष्ट ही संख्या आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे: २४ तीर्थंकर, १२ चक्रवर्ती, ९ बलदेव, ९ वासुदेव आणि ९ प्रतिवासुदेव मिळून ६३ शलाकापुरुष होतात. पाठ फिरवलेल्या दोघांना सन्मुख करायला कोणतीही नवी संख्या आणावी लागत नाही, केवळ जागा बदलावी लागते. घराघरांतील भांडणांनाही हा उपाय लागू पडावा.

आता ६३ मधून ३६ वजा करा. २७ उरतात आणि त्यांना ९ ने निःशेष भाग जातो. ही गंमत आम्हा बँकवाल्यांची एके काळची तारणहार होती. खतावण्या हाताने लिहिल्या जात, त्या काळात दिवसअखेर तेरीज जुळली नाही तर कोणी घरी जात नसे. अशा वेळी जुने हेडकॅशियर सांगत, “फरकाला नवाने भागून पाहा.” भाग गेला तर कोणीतरी ६३ च्या जागी ३६, किंवा ५४० च्या जागी ४५० लिहिले असावे, हा पहिला संशय. कारण साधे आहे: दशकाच्या घरात अंकाची किंमत दहापट असते, एककाच्या घरात एकपट. अंकाने घर बदलले की फरक नऊपटीचाच पडणार. फरक सम असेल तर त्याची निमपट रक्कम शोधायची, कारण नावेची रक्कम जमेला पडली की फरक दुप्पट येतो. हे दोन नियम गुन्हा सिद्ध करीत नाहीत. केवळ कोठे शोधावे ते सांगतात. परंतु रात्री नऊ वाजता तेवढेही पुष्कळ असते.

याच नवाशी आयुष्यभर खेळलेले एक गृहस्थ आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेतील शिक्षक. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य शोधून काढले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत आपण ६१७४ वर पोहोचतो आणि तेथेच थांबतो.

उदाहरणासाठी आपल्याच नगरचे स्थापनावर्ष घेऊ: १४९०. ९४१० वजा ०१४९ म्हणजे ९२६१. पुढे ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. त्यापुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४! शहराचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी त्याचे वर्ष तीन पायऱ्यांतच कापरेकरांच्या दारी पोहोचते. वाचकांनी आपले जन्मवर्ष घेऊन पाहावे. वाटेतली प्रत्येक वजाबाकी नवाने भागली जाईल, कारण येथेही अंकांनी केवळ घरे बदललेली आहेत. आमची तेरीज आणि कापरेकरांचा शोध एकाच तत्त्वावर उभे आहेत, याचे मला आजही नवल वाटते.

कापरेकरांच्या आणखी एका छंदाला ‘डेम्लो संख्या’ असे नाव आहे. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी ते दिले. त्यांतील सर्वांत देखण्या संख्या म्हणजे ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि याच क्रमाने १११११११ च्या अलीकडची पायरी, म्हणजे सहा एकांचा वर्ग, १२३४५६५४३२१. ही शेवटची संख्या पाहून मी थबकलो, कारण ती त्यापूर्वी सुमारे अकराशे वर्षे एका जैन आचार्यांच्या ग्रंथात येऊन बसली होती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात त्यांनी डावी-उजवीकडून सारख्याच वाचता येणाऱ्या संख्यांना कंठहाराची उपमा दिली आहे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की हा हार तयार होतो. १४२८७१४३ ला ७ ने गुणून पाहा, १०००१०००१ असा दुसरा हार मिळेल. याच ग्रंथात मुद्दल आणि व्याज यांचीही उदाहरणे आहेत. स्वयंपाकापासून संगीतापर्यंत आणि वैद्यकापासून वास्तुविद्येपर्यंत सर्वत्र गणित उपयोगी आहे, असे आचार्यांनी आरंभीच सांगून ठेवले आहे. खेळ आणि व्यवहार यांची त्यांनी फारकत केली नाही.

आपल्या घरांतील आनुपूर्वीची छोटी पुस्तिकाही याच परंपरेतील. नवकाराच्या पाच पदांना १ ते ५ अंक देऊन त्यांचे सर्व संभाव्य क्रम तीत मांडलेले असतात. पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन, असे १२० क्रम. २० कोष्टके आणि प्रत्येकात ६ ओळी. कोष्टकाची शेवटची दोन घरे स्थिर असतात आणि पहिली तीन सहा प्रकारे फिरतात. कोणतीही ओळ घ्या, बेरीज १५ च! क्रम सतत बदलत असल्याने जीभ एकीकडे आणि मन दुसरीकडे, असे करता येत नाही. ज्याला महाविद्यालयात क्रमपर्याय म्हणून भीत भीत शिकतो, ते आपल्या आजी सामायिकात बसून सहज हाताळत असत. हाच गुणाकार पुढे नेला तर सहा जणांना रांगेत उभे करण्याच्या ७२० रीती होतात आणि दहा जणांच्या ३६,२८,८००. लग्नात घरच्यांच्या छायाचित्राला उशीर का लागतो, त्याचे शास्त्रीय कारण हे असे आहे.

येथवर खेळ झाला. आता त्याचा उपयोग सांगतो. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. १ एप्रिल २०१० पासून ते दररोजच्या शिलकेवर मिळू लागले. त्या जुन्या काळात एक आजी दरमहा १० तारखेच्या आत न चुकता पैसे भरायला येत. शिक्षण दुसरी इयत्ता. परंतु पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. त्यांना व्याज समजावून सांगण्याची वेळ कधी आली नाही. उलट पदवीधर ग्राहक ‘दोन वर्षांत दामदुप्पट’ अशा योजनांची पत्रके घेऊन मुदत ठेव मोडायला येत. काहींनी निवृत्तीची सारी पुंजी अशा ठिकाणी गमावलेली मी पाहिली आहे. त्या काउंटरवरचे ते चेहरे आकडेमोडीच्या पलीकडचे होते.

यावर एक सोपा आडाखा आहे: ७२ चा नियम. ७२ ला व्याजदराने भागा, रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. सहा टक्क्यांनी १२ वर्षे, आठ टक्क्यांनी ९ वर्षे. उलट, दोन वर्षांत दुप्पट म्हणजे ७२ भागिले २, बरोबर ३६ टक्के. पाहा, पुन्हा तोच छत्तीसचा आकडा! दर मोठा असला की हा आडाखा थोडा कमी पडतो. खरा दर ४१ टक्क्यांच्याही पुढे जातो. इतके देणारा ते कोठून मिळवणार, एवढा एक प्रश्न मनात उठला तरी पुंजी वाचते. गंमत अशी की, मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम ऋणकोच्या संरक्षणासाठी होता. आज तोच शब्द आमिष झाला आहे.

कर्ज घेतानाही असेच. १,२०,००० रुपयांचे कर्ज ‘सरळ १० टक्के’ दराने, बारा हप्त्यांत. व्याज १२,०००, म्हणून हप्ता ११,०००. पण मुद्दल दरमहा १०,००० ने फिटत जाते; वर्षभरात आपल्या हाती सरासरी ६५,००० च राहतात. त्यावर १२,००० म्हणजे दर दहा नव्हे, सुमारे १८ टक्के. कागदावर खोटे काहीच नसते, फक्त प्रश्न विचारणारा नसतो.

आज प्रत्येकाच्या खिशात गणनयंत्र आहे आणि ते उत्तर अचूक देते. मात्र प्रश्न कोणता विचारायचा, आणि आलेले उत्तर पटण्याजोगे आहे का, हे त्याला ठरवता येत नाही. ती जाण खेळता खेळता येते, धाकाने येत नाही. म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती आहे: नातवंडांना गणिताची भीती घालू नका, त्यांच्याशी आकड्यांचा खेळ खेळा. पावतीची बेरीज यंत्राआधी अंदाजे सांगायला लावा, जन्मवर्षावरून ६१७४ गाठायला लावा, आनुपूर्वीतील ओळ कोठून कशी बदलते ते शोधू द्या. आपण त्यांच्यासाठी ठेव ठेवतोच. ती राखण्याची बुद्धीही सोबत द्यावी. तिच्यावर कोणी दामदुपटीचे आमिष दाखवू शकत नाही.