पिवळा दिवा

दिवाळीत दिव्याला भिणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? गेल्या भाऊबीजेला तो पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यावर होता. ताईकडे ओवाळून घ्यायला निघालो होतो. भोकरदन मागे पडले आणि मोटारीच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तो माझ्या ओळखीचा. पूर्वी दोनदा लागला होता. मी लक्ष दिले नाही आणि तो आपणहून विझला. रुसलेल्या पाहुण्याकडे पाहू नये, म्हणजे तो ताळ्यावर येतो, असे माझे जुने मत आहे. पण या वेळी दिवा लुकलुकू लागला आणि गाडीला उचक्या लागल्या.

पिंपळगाव हिरव्या मिरचीच्या बाजाराचे गाव. तिथे सणाच्या दिवशीही दुकान उघडे ठेवणारा एक मिस्त्री भेटला, ही रेणुकामातेचीच कृपा. दिवा लुकलुकताना गाडी हाकली म्हणून तो आधी माझ्यावर रागावला. नुसता लागून राहिला, तर चार दिवसांत दाखवले तरी चालते; लुकलुकला, तर ठिणगी चुकते आहे, आणि न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणारी डबी जाळते. ती डबी भलतीच महाग! गंमत म्हणजे हा दिवा मुळात मोटारवाल्याच्या काळजीपोटी आलाच नाही. धुराने गुदमरलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ पासूनच्या नव्या मोटारींना स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली, ती हवेच्या काळजीने.

मिस्त्रीने स्टीअरिंगखालच्या खोबणीत एक यंत्र जोडले. पडद्यावर उमटले : पी ०३०२.

"दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी चुकतीय," तो म्हणाला.

"का?"

"ते यंत्र नाही सांगत, भाऊ. कुठं दुखतंय तेवढंच सांगतं. का, ते आपण बघायचं."

प्लग असेल, कॉइल असेल, वायर असेल. त्याने बॉनेटमध्ये डोके घातले आणि बऱ्याच वेळाने हसत बाहेर काढले. उंदराने वायर कुरतडली होती! गणपतीच्या वाहनाने माझ्या वाहनावर दात काढले होते. अशा वायरींसाठी मिरचीच्या तिखटाची चिकटपट्टीही मिळते म्हणतात. पण पिंपळगावच्या उंदरांना ती चटणी म्हणून आवडायची!

वायर जोडली, दिवा विझवला, आणि मी उशिराच ताईच्या दारात पोचलो. तिने ओवाळले. तिचे डोळे लाल होते.

"काय गं?"

"काही नाही रे. ठेच्याचा खाट गेला डोळ्यांत."

मिरचीच्या गावात हे उत्तर बिनतोड. एरवी मी मान डोलावून करंजी उचलली असती. फोनवरच्या तिच्या 'सगळं मजेत'वर सहा महिने हेच तर करत होतो. पण चूल थंड होती आणि खलबत्ता कोरडा. दाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, जरा जास्तच टेकून. मी स्वयंपाकघरात पाट ओढून बसलो.

"ठेचा कुठाय, ताई?"

ती बराच वेळ ताम्हण पुसत राहिली.

"जिना चढले की छाती धरतात रे. तीन महिने झाले. म्हणतात, आपोआप जातं, कशाला दवाखाना?"

दाजींनी बरीच कुरकुर केली. तरी रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही थांबलो नाही. दिवे लागायच्या वेळी तिघे मोटारीत बसून जालन्याच्या रस्त्याला लागलो.